‘डुकराच्या लिव्हरचं मशीन येणार आहे, तोवर थांबू का?’

पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझं सासर कागल तालुक्यात, माहेर कोल्हापुरात. माझा भाऊ ३८ वर्षांचा आहे, शिरोली एमआयडीसीत कामाला होता. तीन वर्षांपूर्वी त्याला पांढरी कावीळ निघाली. गोळ्या चालू केल्या, बरं वाटलं तशा सोडून दिल्या. आता लिव्हर सिऱ्होसिस सांगितलंय. पोटात पाणी होतंय, दोन वेळा भ्रमिष्टासारखं बोलत होता, घरातल्यांना ओळखेना. पुण्याच्या डॉक्टरांनी लिव्हर बदलावं लागेल म्हणून सांगितलं. वहिनीचा रक्तगट बी, जुळत नाही. आईचं वय ६६. माझा आणि भावाचा दोघांचाही ओ. मी ३३ वर्षांची आहे, मुलं नऊ आणि पाच वर्षांची. सासूबाई ‘अजिबात नको’ म्हणतात, मिस्टर काहीच बोलत नाहीत. अशात अमेरिकेतल्या चुलतभावानं व्हिडिओ पाठवला. डुकराचं लिव्हर शरीराबाहेर मशीनवर ठेवून पेशंटचं रक्त त्यातून फिरवतात. आता सगळे म्हणतात, वर्षभर कळ काढ, ते आपल्याकडं येईल, तुला पोट फाडून घ्यायची गरज नाही. एक ओळखीचा माणूस परदेशातल्या ट्रायलमध्ये नाव घालून देतो म्हणून एक लाख मागतोय. आई माळकरी आहे, तिला डुकराचं नाव काढलं तरी रडू येतंय. मी थांबू का?
– एक बहीण

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. थांबू नका. लिव्हर द्यायचं की नाही हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे, आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात तरी तुम्हाला कोणी बोल लावू नये असंच मी म्हणेन. पण त्या मशीनच्या भरवशावर वर्ष काढायचं हे मात्र मला मान्य नाही. भावाच्या पोटात पाणी साठतंय, त्याची शुद्ध दोनदा हरपली. ही यकृत थकल्याची लक्षणं नाहीत, ते हरत चालल्याची आहेत. अशा रुग्णाकडे वर्षभर असेलच, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

चुलतभावानं पाठवलेला व्हिडिओ खोटा नसावा. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी जनुकं बदललेल्या डुकराचं यकृत एका यंत्रात ठेवलं, ते शरीराच्या तापमानाला जिवंत राखलं आणि एका माणसाचं रक्त नळ्यांमधून त्यात नेऊन परत शरीरात सोडलं. हे ७२ तास चाललं. यकृतानं पित्त तयार केलं, ते खराब झालं नाही. पण तो माणूस मेंदूमृत होता. त्याच्या घरच्यांनी विज्ञानासाठी त्याचं शरीर देऊ केलं होतं. कुणाला बरं करण्यासाठी तो प्रयोग नव्हता, हे जमतं का एवढंच पाहायचं होतं. त्या कुटुंबाबद्दल मला फार आदर वाटतो. व्हिडिओत बहुधा त्यांचा उल्लेखही नसेल.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याची जिवंत रुग्णांवर पहिली चाचणी करायला परवानगी दिली. ती वीसेक रुग्णांपुरती आहे. यकृत आधीच खराब असताना अचानक कोसळलेले, अतिदक्षता विभागात असलेले आणि ज्यांचं प्रत्यारोपण करता येत नाही असेच रुग्ण तिच्यात घ्यायचे आहेत. तुमच्या भावाचं प्रत्यारोपण करता येण्यासारखं आहे, डॉक्टरांनी तेच सुचवलंय. म्हणजे ज्या वाटेवर तो आज उभा आहे ती बंद झालेल्या माणसांसाठी ही चाचणी आहे. तिथं नाव ‘घालून’ देणारा कुणी मधला माणूस नसतो. रुग्ण निवडतात ते तिथल्या रुग्णालयातले डॉक्टर, तपासण्या करून. एक लाख मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. दिले असतील तर पोलिसांत तक्रार करा, ओळखीचा आहे म्हणून भिडेला पडू नका.

आता थोडं मागे जातो, कारण ‘वर्षभरात येईल’ या विश्वासाचं वजन त्याशिवाय कळणार नाही. ही कल्पना साठ वर्षं जुनी आहे. १९६५ मध्ये बेन आयझमन या अमेरिकी सर्जननं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृत निकामी होऊन बेशुद्ध पडलेल्या रुग्णांचं रक्त डुकराच्या यकृतातून फिरवलं होतं. काहींची शुद्ध तेवढ्यापुरती सुधारलीही. पण डुकराच्या पेशींवर एक साखर असते, ती माणसाच्या शरीरात नसते. आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयारच असतात. रक्त त्या यकृतात शिरलं की ती प्रतिपिंडं त्या साखरेवर तुटून पडतात आणि काही तासांत यकृत सुजून, काळं पडून बंद होतं. शिवाय डुकराचं यकृत माणसाच्या रक्तातल्या प्लेटलेट गिळून टाकतं. ज्याचं रक्त आधीच नीट गोठत नाही, त्याला हे किती महागात पडेल तुम्हीच बघा.

मग डुकरांची जनुकंच बदलायचं ठरलं. १९९७ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहरात १९ वर्षांच्या एका मुलाचं यकृत अचानक निकामी झालं. जनुकं बदललेल्या डुकराच्या यकृतातून त्याचं रक्त सुमारे साडेसहा तास फिरवलं, मग त्याला माणसाचं यकृत मिळालं आणि तो वाचला. मला ही हकिगत फार मोलाची वाटते, पण तिच्यातलं दुसरं वाक्य लोक विसरतात: त्याला माणसाचं यकृत मिळालं. त्याच वर्षी डुकराच्या जनुकांत दडलेले विषाणू प्रयोगशाळेत मानवी पेशींना लागण करू शकतात असं आढळलं आणि या कामाला मोठी खीळ बसली. आता जी डुकरं वापरतात त्यांच्यात ६९ जनुकीय बदल केलेले असतात, त्यातले ५९ नुसते ते विषाणू निकामी करण्यासाठी. यावरून हे काम किती अवघड आहे हे ध्यानात येईल.

अख्ख्या यकृताऐवजी डुकराच्या यकृताच्या पेशी नळीत भरून त्यातून रक्तद्रव (प्लाझ्मा) फिरवायचा, असाही मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. तीस दिवसांनी उपकरण लावलेल्यांतले ७१ टक्के जिवंत होते, न लावलेल्यांतले ६२ टक्के. हा फरक केवळ योगायोगानंही पडू शकतो, असं गणिताअंती ठरलं. अलीकडे चीनमध्ये एका वृद्ध कर्करुग्णाच्या शरीरातच डुकराचं यकृत बसवलं. रक्तवाहिन्यांमध्ये गुंतागुंत झाल्यामुळे ३८व्या दिवशी ते काढावं लागलं, रुग्ण १७१ दिवस जगला. प्रगती आहे, खरी आहे. पण ही संशोधनातली पावलं आहेत. कोल्हापुरात, पुण्यात किंवा मुंबईत कुठंही दवाखान्यात जाऊन ‘हा उपचार द्या’ असं म्हणता येईल, अशी अवस्था नाही.

आणि समजा, उद्या ते आलंच. तरी त्या मशीनचं काम काय आहे ते घरात सगळ्यांना नीट सांगा. किडनीच्या पेशंटला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस करून वर्षानुवर्षं जगता येतं, तसं हे नाही. यकृत नुसतं रक्त गाळत नाही. ते अमोनियाचा युरिया करतं, रक्त गोठवणारी प्रथिनं बनवतं, अल्ब्युमिन बनवतं, साखर साठवतं आणि लागेल तशी सोडतं, औषधं निकामी करतं. शरीराबाहेरचं यकृत हे काम काही तास, फार तर काही दिवस उचलेल. तो पूल आहे, आणि पुलाला पलीकडचा काठ लागतो. एकतर रुग्णाचं स्वतःचं यकृत तेवढ्यात सावरायला हवं, नाहीतर माणसाचं यकृत मिळायला हवं. सिऱ्होसिसमध्ये यकृत घट्ट, गाठीगाठींचं झालेलं असतं, चार दिवसांच्या विश्रांतीनं ते पूर्ववत होत नाही. म्हणजे मशीन दारात आणून ठेवलं तरी ‘लिव्हर कोण देणार’ हा प्रश्न तुमच्या घरात तसाच उभा राहील. ताई, मला स्पष्ट बोलू द्या. घरातल्यांना मशीनवर विश्वास आहे असं मला वाटत नाही. त्यांना तुमची काळजी आहे, आणि ‘नको’ असं तुमच्या आईसमोर म्हणायचं धाडस होत नाही, म्हणून त्या व्हिडिओचा आधार घेतलाय. ही माणसं वाईट नाहीत. पण त्या आधारानं दिवस जातायत.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि ती वाचताना मला सारखी टोचत राहिली. तुमची स्वतःची पांढऱ्या कावीळची तपासणी झाली आहे का? पांढरी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी. आपल्या जिल्ह्यात कावीळ म्हटलं की लोकांना २०१२ ची इचलकरंजीची साथ आठवते, दूषित पाणी आठवतं. ती कावीळ वेगळी. हिपॅटायटिस बी पाण्यातून, एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून, दूषित सुईतून, एकच वस्तरा वापरल्यानं पसरतो, आणि पुष्कळदा आईकडून बाळाला जन्माच्या वेळी येतो. तुम्ही दोघं एकाच आईची लेकरं. भावाला तो जन्मापासून असेल, तर तो तुम्हालाही असू शकतो, आणि तीस-तीस वर्षं काहीही त्रास न होता असू शकतो. तुम्हाला तो निघाला तर तुम्ही दाता होऊ शकणार नाही आणि हा सगळा वाद तिथंच मिटेल. पण मग तुमच्यावर वेळेत उपचार सुरू होतील, जे भावाच्या बाबतीत राहून गेलं.

म्हणून या आठवड्यात पहिलं काम हे करा: तुमची, आईची, वहिनींची आणि दोन्ही घरच्या मुलांची एचबीएसएजी ही रक्ततपासणी. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा, खासगी लॅबमध्येही ती महाग नाही. ज्यांना संसर्ग नाही त्यांनी लस घ्यायची: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी, असे तीन डोस. मुलांना लहानपणी दिली असेल तर कार्ड बघा.

भावाच्या गोळ्या पुन्हा चालू झाल्या आहेत का, तेही लिहिलं नाहीत. टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर, यांपैकी जी डॉक्टरांनी दिली असेल ती आता जन्मभर, एक दिवस न चुकवता. या आजारातली खरी आशा इथं आहे. सिऱ्होसिसच्या या टप्प्यावरही विषाणू दाबला गेला की काही रुग्णांचं यकृत इतकं सावरतं की प्रत्यारोपण पुढं ढकलता येतं. सगळ्यांचं नाही, आणि त्याला महिने लागतात. म्हणून गोळ्या चालू ठेवून प्रत्यारोपणाची तयारीही सोबत करायची. त्यानं आपण होऊन गोळ्या सोडल्या यावरून आता त्याला बोलू नका. बरं वाटलं की गोळ्या सोडणारे रुग्ण मी आयुष्यभर पाहिलेत, त्यांना कुणी ‘का सोडायच्या नाहीत’ हे बसून सांगितलेलंच नसतं.

आता तुमच्याबद्दल. ओ गटाच्या रुग्णाला ओ गटाचंच यकृत चालतं, त्यामुळे घरात तुमच्याकडं सगळ्यांचे डोळे लागलेत हे साहजिक आहे. दात्याच्या यकृताचा उजवा, साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग काढतात. उरलेलं आठवड्यांत वाढू लागतं आणि तीनेक महिन्यांत बहुतेक पहिल्या आकाराला येतं. दवाखान्यात साधारण आठवडाभर, नंतर दोन-तीन महिने जड उचलायचं नाही. पाण्याची कळशी नाही, पाच वर्षांचं लेकरूही नाही. धोका आहे, तो लपवणाऱ्या माणसाचं ऐकू नका. उजवा भाग देणाऱ्या दात्यांत दोनशे ते पाचशेंमागे एखादा दगावतो. पित्त गळणं, जंतुसंसर्ग, जखमेच्या जागी हर्निया हे त्याहून बऱ्याच जणांना होतं. सासूबाईंची भीती अडाणी नाही. त्यांना नातवंडांची आई हवी आहे. त्यांना तपासणीच्या वेळी सोबत न्या आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या तोंडून प्रश्न विचारू द्या. मिस्टरांनाही. गप्प बसलेल्या माणसाच्या मनात काय आहे ते तुम्ही अंदाजानं ठरवू नका, विचारा.

तपासणीला तयार होणं म्हणजे लिव्हर द्यायला तयार होणं नव्हे. रक्त, सीटी स्कॅन, एमआरआय, हृदयाची तपासणी यात बरेच इच्छुक दाते गळतात. कुणाचं यकृत चरबीयुक्त असतं, कुणाच्या रक्तवाहिन्यांची ठेवण जुळत नाही, कुणाचं उरणारं यकृत अपुरं पडतं. आणि अगदी ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा तुम्ही माघार घेऊ शकता. तसं झालं तर रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला एकट्यात सांगा. घरच्यांना कारण न सांगता ‘दाता म्हणून योग्य नाही’ एवढंच कळवायची पद्धत आहे. बहीण कायद्यानं जवळच्या नात्यात मोडते, त्यामुळे परवानगीची प्रक्रिया त्या मानानं सोपी असते. पण दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीनं पडताळावी, असं आपल्या देशाच्या २०१४ च्या नियमांत लिहिलंय. हे कलम उगाच आलेलं नाही. आपल्याकडे किडनी आणि लिव्हर देणाऱ्यांत बायका, बहिणी, आयाच जास्त दिसतात. कुणी तुम्हाला एकटीला खोलीत बसवून ‘तुमच्यावर दबाव आहे का’ विचारलं, तर त्या क्षणी माहेर-सासर दोन्ही बाजूला ठेवून खरं सांगा.

तुम्ही देणार असलात तरी भावाचं नाव मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या यकृतासाठी प्रतीक्षा यादीत घाला. कोल्हापूर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या हद्दीत येतं. प्रत्यारोपणाची नोंदणी असलेल्या रुग्णालयामार्फतच नाव लागतं. पैशाचंही आजच बघायला लागा, कारण खासगी रुग्णालयात खर्च २० लाखांच्या पुढे सहज जातो. मुख्यमंत्री सहायता निधीतून यकृत प्रत्यारोपणासाठी मदत मिळते. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, तिथल्या समाजसेवकाला उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटा. जमीन विकायचा विचार चालला असेल तर हे दरवाजे ठोठावल्याशिवाय सातबाऱ्याला हात लावू नका.

तोवर घरात सांभाळायचं ते असं. मीठ कमी, म्हणजे लोणचं, पापड, खारा खर्डा बंद. पण ‘पथ्य’ म्हणून त्याला नुसत्या पेजेवर ठेवू नका. सिऱ्होसिसच्या रुग्णाला प्रथिनं लागतात. दूध, दही, अंडी, मोड आलेली कडधान्यं द्या, आणि रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायला द्याच. लॅक्टुलोजचं औषध दिलं असेल तर दिवसाला दोन-तीन वेळा शौचाला होईल इतकं द्यायचं. बद्धकोष्ठ झालं की अमोनिया वाढतो आणि पुन्हा भ्रम होतो. अंगदुखीला दुकानातून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या आणू नका. नाकात थेंब टाकून कावीळ उतरवणारे, चुन्यानं हात धुऊन देणारे, गावठी मुळी देणारे गावोगाव आहेत. कुणी कितीही आग्रह केला तरी त्यांच्याकडं नेऊ नका, त्यातली काही औषधं उरलेलं यकृतही संपवतात. झोपेची वेळ उलटी झाली, हात फडफडायला लागले, बोलणं असंबद्ध झालं, काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली, ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. कागलहून, कोल्हापूरहून जिथून जवळ असेल तिथून मोठ्या दवाखान्यात न्या.

राहिल्या आई. डुकराचं यकृत लावलं तर माळेचं काय, ही त्यांची व्यथा कुणी हसण्यावारी नेऊ नये. त्यांना सांगा, तो प्रश्न आज उभाच नाही. त्यांच्या मुलाला जे यकृत हवंय ते माणसाचं आहे. मात्र शस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन बहुतेक डुकराच्या आतड्यापासूनच बनतं, आणि ते त्यांना नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आधी तुमच्याकडून कळलेलं बरं. त्यांची ज्या महाराजांवर श्रद्धा आहे त्यांच्याशी त्यांना बोलू द्या. जीव वाचवायच्या औषधाला माळकरी मंडळींनी हरकत घेतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि भावाला विचारा. तुमच्या पत्रात सगळ्यांचं मत आहे, त्याचं नाही. त्याची शुद्ध नीट आहे तेव्हा, दोघंच असताना, त्याला सांगा की तुम्ही तपासणी करून घेताय आणि निकाल काहीही लागू शकतो. एचबीएसएजीचा रिपोर्ट आला की मला कळवा. तो निगेटिव्ह असेल तर पुण्याला पहिल्या भेटीत काय काय कागद न्यायचे ते मी लिहून पाठवीन.